वर्णमाला की किमया? रशियन अक्षरं गिरवताना सुचलेले विचार



या उन्हाळी सुट्टीत मी दोन गोष्टींचा अभ्यास केला. एक, रशियन भाषेची वर्णमाला. दुसरी, किमयागारांचा, म्हणजे लोखंडाचं किंवा शिशाचं सोनं करू पाहणाऱ्या लोकांचा इतिहास. स्टाफरूममध्ये सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "मॅडम, याचा पहिलीच्या वर्गाला उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे वेळ कमी, कामं जास्त. म्हणून या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. ज्ञान ठेवण्याच्या दोन पद्धती माणसाने वापरल्या. एक वर्णमालेची: मोजकी चिन्हं, ठरलेले नियम, आणि शिकेल त्याचं ज्ञान. दुसरी किमयेची: गुप्त खुणा, एका गुरूकडून एकाच शिष्याला, आणि "ज्याच्या नशिबात असेल त्यालाच जमेल" हा विश्वास. आपण सगळे शाळेत वर्णमालाच शिकवतो. पण मुलांच्या शिकण्याबद्दल बोलताना मात्र आपण, शिक्षक आणि पालक दोघेही, किमयागारांसारखं बोलतो. हे बदलायला हवं, असं मला वाटतं.

तेहतीस अक्षरं

रशियन वर्णमालेत ३३ अक्षरं आहेत. १० स्वर, २१ व्यंजनं आणि २ चिन्हं. या दोन चिन्हांना स्वतःचा आवाज नाही. एक चिन्ह आधीच्या व्यंजनाला मऊ करतं, दुसरं दोन ध्वनी वेगळे ठेवतं. आपल्या पाय मोडण्याच्या खुणेलाही स्वतःचा आवाज नसतो, ती शेजारच्या अक्षराचा उच्चार बदलते. हे आठवलं की त्या चिन्हांची भीती वाटत नाही.

इंग्रजी येणाऱ्या माणसासाठी या अक्षरांचे तीन गट पडतात. पहिला गट मित्रांचा. इंग्रजी ए, के, एम, टी सारखी दिसणारी अक्षरं जवळपास तसाच आवाज देतात. दुसरा गट अनोळखी लोकांचा. 'झ', 'श', 'च', 'य' या आवाजांची अक्षरं आपण कधी पाहिलेली नसतात, त्यामुळे ती सरळ नव्याने शिकता येतात. खरा त्रास तिसऱ्या गटाचा. ही ओळखीच्या चेहऱ्याची, पण दुसऱ्याच नावाची माणसं. इंग्रजी पी सारखं दिसणारं अक्षर असतं 'र'. एच सारखं दिसतं ते 'न'. बी सारखं दिसतं ते 'व'. सी असतो 'स', एक्स असतो 'ख', आणि वाय असतो 'उ'. मॉस्कोच्या रस्त्यावर 'रेस्तोरान' अशी पाटी असते. अर्थ आपल्या ओळखीचाच, रेस्टॉरंट. पण इंग्रजीच्या सवयीने वाचणारा हमखास 'पेक्टोपाह' असं काहीतरी वाचतो!

आता थोडं थांबून विचार करा. शिकलेला, पदवी घेतलेला, रोज पेपर वाचणारा माणूस 'पेक्टोपाह' वाचतो तेव्हा त्याचं लक्ष नसतं का? तो आळशी असतो का? नाही. आधी शिकलेलं इतकं पक्कं असतं की डोळे तेच पुढे ढकलतात. चूक होते ती आधीच्या शिकण्यामुळे.

पहिलीतला मुलगा 'घ' ला 'ध' वाचतो, 'भ' ला 'म' वाचतो, 'थ' आणि 'य' मध्ये अडखळतो, तेव्हा हेच घडत असतं. सहा वर्षं त्याला जगाने शिकवलेलं असतं की वस्तू थोडी वेगळी दिसली तरी तीच असते. ताट उलटं ठेवलं तरी ताटच. चप्पल डावीकडून पाहिली तरी चप्पलच. आणि एके दिवशी शाळेत आपण सांगतो की इथे डोक्यावरची एक छोटी गाठ बदलली की नाव बदलतं. हा नियम नवा आहे, विचित्र आहे. त्याला तो पचवायला वेळ लागणारच. "लक्ष कुठे आहे तुझं?" हा त्यावरचा उपाय नव्हे.

एका पुस्तकाच्या शेवटच्या पानावर

आमच्या शाळेच्या कपाटात सोव्हिएत काळातलं एक जुनं मराठी बालपुस्तक आहे. पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांना ही पुस्तकं आठवत असतील. गुळगुळीत कागद, मोठी चित्रं, किंमत अगदी कमी. मॉस्कोला छापलेल्या त्या मराठी पुस्तकांच्या शेवटी बारीक टायपात रशियन मजकूर असायचा. त्यातला एक शब्द मला अक्षर-अक्षर जुळवून लावता आला. म, आ, र, आ, त, ख, ई. सात अक्षरं. 'मारात्खी'. म्हणजे 'मराठी'!

रशियनमध्ये 'ठ' नाही, म्हणून त्यांनी 'त' आणि 'ख' जोडून आपला 'ठ' भागवला होता. मला तो शब्द लागला तेव्हा जो आनंद झाला तो लहान मुलासारखा होता, हे सांगायला संकोच वाटत नाही. वर्गात एखादं मूल पहिल्यांदा स्वतःहून बसवरची पाटी वाचतं आणि धावत सांगायला येतं, तो आनंद कसा असतो हे आपल्याला मोठेपणी पुन्हा फार क्वचित कळतं. मला वाटतं, दर दोन-तीन वर्षांनी प्रत्येक प्राथमिक शिक्षकाने एखादी नवी लिपी शिकायला सुरुवात करावी. पूर्ण येण्याची गरज नाही. सुरुवात करणं पुरेसं आहे.

दुसरं एक कळलं. रशियनमध्ये 'च' साठी दोन अक्षरं आहेत. एक 'चार' मधल्या च साठी, दुसरं जवळपास आपल्या 'चांगला' मधल्या च साठी. 'झार' म्हणून आपण ज्या राजांना ओळखतो त्यांच्या नावात हेच दुसरं अक्षर आहे, रशियन माणूस 'त्सार' म्हणतो. आपण मराठीत दोन्ही उच्चार करतो, पण लिहितो एकच 'च'. तसंच 'जावई' आणि 'जीवन' मधल्या ज चं. ज्या मुलांची घरची भाषा मराठी आहे त्यांना हे आपोआप येतं. पण घरी हिंदी, तेलुगू, भिली किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकात ही खूण कुठेच दिसत नाही. त्याने 'चांगला' मधला च 'चार' सारखा उच्चारला की वर्ग हसतो. ही गोष्ट आपल्या लिपीने दाखवलेली नाही, म्हणजे ती आपण तोंडाने सांगायला हवी.

रशियनचीही अशी लपलेली बाजू आहेच. शब्दात कोणत्या स्वरावर जोर द्यायचा हे रोजच्या छपाईत दाखवत नाहीत. 'झामोक' या शब्दात पहिल्या स्वरावर जोर दिला तर अर्थ 'किल्ला', दुसऱ्यावर दिला तर 'कुलूप'. आणि जोर नसलेला 'ओ' बराचसा 'अ' सारखा होतो. दूध लिहितात 'मोलोको', म्हणतात 'मलको'. म्हणजे जगातली कुठलीच लिपी संपूर्ण 'जसं लिहितो तसं वाचतो' अशी नसते. "मराठी तर सोपी, जसं लिहिलंय तसं वाचायचं" हे वाक्य आपण मुलांना सांगतो, तेव्हा हे लक्षात ठेवायला हवं.

अक्षरं सोपी करणारी माणसं

रशियन वर्णमालेला 'आझ्बुका' म्हणतात. जुन्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला नाव होतं. पहिलं 'आझ', म्हणजे 'मी'. दुसरं 'बुकी', म्हणजे 'अक्षरं'. तिसरं 'वेदी', ज्याचा संबंध जाणण्याशी आहे. आपल्या 'विद्या', 'वेद' या शब्दांचा तो दूरचा नातलग. पहिली दोन नावं जोडून 'आझ्बुका' झालं. इव्हान फ्योदोरोव्ह या मुद्रकाने १५७४ मध्ये ल्विव्ह शहरात मुलांसाठी अक्षरओळखीचं पुस्तक छापलं. पूर्व स्लाव्ह लोकांमधलं ते पहिलं छापील अंकलिपीसारखं पुस्तक मानलं जातं.

पुढे झार पीटरच्या काळात अक्षरांचं रूप बदललं. जुनी चर्चची अक्षरं नक्षीदार होती, त्यांच्यावर वेगवेगळ्या खुणा असत. पीटरला नौकानयन, भूमिती, तोफखाना यांची पुस्तकं हवी होती, आणि ती सामान्य कारकुनाला वाचता यायला हवी होती. १७०८ मध्ये नव्या साध्या वळणाच्या अक्षरांत पहिलं पुस्तक छापलं गेलं. ते भूमितीचं होतं. १७१० मध्ये पीटरने नमुन्याच्या पानांवर स्वतःच्या हाताने नको असलेली अक्षरं खोडली. त्यानंतर १९१८ मध्ये आणखी काही अक्षरं काढली गेली, कारण तेच आवाज दाखवणारी दुसरी अक्षरं होतीच, आणि मुलांना कोणतं कुठे लिहायचं हे नुसतं पाठ करावं लागत होतं.

१८९७ च्या जनगणनेत रशियन साम्राज्यात साक्षर लोक साधारण २१ टक्के होते. १९३९ च्या जनगणनेत ९ ते ४९ या वयोगटातल्या साक्षरांचं प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर गेलं. हे केवळ अक्षरं कमी केल्याने झालं असं मी म्हणणार नाही. शाळा उघडल्या, १९१९ च्या हुकमाने ८ ते ५० वर्षं वयाच्या निरक्षरांना शिकणं बंधनकारक केलं गेलं. त्या राजवटीत इतर अनेक वाईट गोष्टीही घडल्या. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. वाचायला न येणं हा माणसाच्या डोक्याचा दोष नसून व्यवस्थेचा आहे असं गृहीत धरलं गेलं, तेव्हाच हे घडू शकलं.

टॉल्स्टॉयचं नाव आपल्याला कादंबऱ्यांमुळे माहीत आहे. पण त्याने १८५९ मध्ये आपल्या गावी, यास्नाया पोल्यानाला, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली, आणि १८७२ मध्ये मुलांसाठी 'आझ्बुका' नावाचं पुस्तक लिहिलं. ते फारसं चाललं नाही, तेव्हा त्याने पुन्हा बसून सोपं केलं आणि १८७५ मध्ये 'नवी आझ्बुका' काढली. एवढा मोठा लेखक पहिलीच्या पुस्तकाचं पुनर्लेखन करतो! पहिलीचा वर्ग म्हणजे सोपं काम असं समजणाऱ्यांनी ही गोष्ट ऐकायला हवी.

जादूगार म्हणून बदनाम झालेला माणूस

आता किमयेकडे येते. दोन्ही विषयांना जोडणारा एक माणूस आहे, याकोव ब्रूस. वंशाने स्कॉटिश, राहणारा मॉस्कोचा, पीटरचा विश्वासू सेनानी. तोफखान्याचा प्रमुख, खगोलशास्त्राचा नाद असलेला, हजाराहून जास्त ग्रंथ बाळगणारा. मॉस्कोच्या सुखारेव मनोऱ्यात १७०१ मध्ये गणित आणि नौकानयनाची शाळा सुरू झाली. ब्रूसची दुर्बीण तिथेच होती. रात्री मनोऱ्याच्या खिडकीत दिवा दिसायचा. लोक म्हणू लागले, हा माणूस चेटूक करतो, सोनं बनवतो, त्याच्याकडे काळं पुस्तक आहे. या दंतकथा त्याच्या मृत्यूनंतर शेकडो वर्षं टिकल्या. १९३४ मध्ये तो मनोरा पाडला गेला, तेव्हाही मॉस्कोचे लोक त्या गोष्टी सांगत होते.

गंमत पाहा. ज्याला लोक गुप्त विद्येचा राजा समजत होते, तोच माणूस प्रत्यक्षात साध्या अक्षरांत पुस्तकं छापण्याच्या कामावर देखरेख करत होता. लोकांना त्याची उपकरणं वाचता येत नव्हती, म्हणून त्यांना ती जादू वाटली. न समजलेलं शिक्षण आणि जादू यांत बाहेरून फरक दिसत नाही, हे मला ब्रूसच्या गोष्टीतून जाणवलं.

किमयागार मूर्ख नव्हते

'किमया' हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला. अरबी 'अल-किमिया' वरूनच युरोपातला 'अल्केमी' हा शब्द झाला. आपल्याकडे 'परीस' आहे, त्यांच्याकडे 'तत्त्वज्ञांचा दगड'. आपल्या रसशास्त्रात पारा आणि गंधक यांना मोठं स्थान आहे. अरबी किमयागारही मानत की सगळे धातू पारा आणि गंधक यांच्याच वेगवेगळ्या मिश्रणाने बनले आहेत. तसं असेल तर मिश्रण बदलून शिशाचं सोनं का होऊ नये? त्या काळच्या माहितीत हा विचार मुळीच वेडगळ नव्हता.

शिवाय त्यांच्याकडे 'पुरावा'ही होता. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडाची वस्तू ठेवली की थोड्या वेळाने तिच्यावर तांबूस थर चढतो. डोळ्यांदेखत लोखंडाचं तांबं झालेलं दिसतं. आज आपल्याला माहीत आहे की तांबं आधीपासून पाण्यातच होतं. लोखंड विरघळत गेलं आणि त्याच्या जागी तांबं बाहेर येऊन बसलं. पण ज्याला हे माहीत नाही त्याने काय समजावं?

आणि त्यांनी कष्ट किती केले! भट्ट्या, मुशी, ऊर्ध्वपातनाची भांडी, आम्लं. हॅम्बुर्गच्या हेनिंग ब्रँडने १६६९ मध्ये सोनं मिळेल म्हणून मानवी मूत्र आटवलं आणि त्यातून अंधारात चमकणारा फॉस्फरस निघाला. जर्मनीत बॉटगर नावाच्या तरुणाने सोनं करून दाखवतो म्हटलं, तर राजाने त्याला नजरकैदेतच ठेवलं. सोनं नाही झालं, पण १७०८ च्या सुमारास त्या प्रयोगशाळेत युरोपातलं पहिलं कठीण पोर्सिलेन तयार झालं. रशियातही झारच्या औषधखात्यात 'अल्खिमिस्त' असा हुद्दाच होता. ही माणसं सोनं बनवत नसत, अर्क काढून औषधं तयार करत. आर्थर डी नावाच्या इंग्रज वैद्याने १६२१ पासून मॉस्कोत झारच्या पदरी नोकरी केली आणि तिथेच किमयेवरचं आपलं लॅटिन पुस्तक तयार केलं. स्वतः न्यूटनने किमयेवर ढीगभर टिपणं लिहून ठेवली होती.

मग एवढी हुशार, कष्टाळू माणसं शेकडो वर्षं अडकून का पडली? माझ्या मते मोठं कारण म्हणजे लपवालपवी. सोन्यासाठी सूर्य, चांदीसाठी चंद्र, लोखंडासाठी मंगळ, तांब्यासाठी शुक्र, शिशासाठी शनी अशा खुणा ते वापरत. इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे 'हिरवा सिंह', 'राजा-राणीचं लग्न' अशी कोडी. एका लेखकाचा हिरवा सिंह म्हणजे एक पदार्थ, दुसऱ्याचा म्हणजे भलताच. दुसऱ्याला कळू नये म्हणूनच लिहिलेलं! त्यामुळे एकाचा प्रयोग दुसऱ्याला करून पाहता येईना, आणि एकाची चूक दुसऱ्याला पकडता येईना. ब्रँडनेही आपली कृती जाहीर केली नाही, ती पैसे घेऊन दिली.

तराजू आणि व्याकरण

हा गुंता सोडवणाऱ्यांमध्ये रशियाचा मिखाईल लोमोनोसोव्ह होता. उत्तरेकडच्या मासेमाराचा मुलगा. त्याने १७४८ मध्ये रशियातली पहिली रासायनिक प्रयोगशाळा उभी केली. १७५६ मध्ये त्याने बंद काचपात्रात धातू तापवून आधीचं आणि नंतरचं वजन केलं. पात्र बंद असेल तर एकूण वजन बदलत नाही, असं त्याला दिसलं. आणि याच माणसाने १७५५ मध्ये रशियन भाषेचं व्याकरण लिहून पूर्ण केलं. एका हातात तराजू, दुसऱ्या हातात व्याकरण. मला हा योगायोग वाटत नाही. दोन्ही कामांत एकच गोष्ट केली जाते: जे चालतं त्याचा नियम शोधायचा आणि तो सर्वांना कळेल असा लिहायचा.

पुढे स्वीडनच्या बर्झेलियसने १८१३ च्या सुमारास मूलद्रव्यांसाठी साधी अक्षरं सुचवली. सूर्य-चंद्र गेले, अक्षरं आली. आज रशियातल्या शाळेत भिंतीवरच्या तक्त्यात हीच लॅटिन अक्षरं असतात, आणि आपल्या मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकातही तीच. १८६९ मध्ये रशियाच्या मेंडेलीव्हने आवर्तसारणी मांडली, आणि सापडायच्या मूलद्रव्यांसाठी रिकाम्या जागा सोडल्या. त्यांना तात्पुरती नावं देताना त्याने संस्कृत 'एक' वापरला: एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडलं. त्याची घनता मेंडेलीव्हच्या अंदाजापेक्षा कमी भरली, तेव्हा त्याने कळवलं की नमुना आणखी शुद्ध करून पुन्हा मोजा. पुन्हा मोजली आणि अंदाज बरोबर ठरला. किमयागार आणि वैज्ञानिक यांतला फरक इथे स्पष्ट दिसतो. मेंडेलीव्हने आपला अंदाज सगळ्यांसमोर मांडून ठेवला होता. तो चुकला असता तर जगाला दिसलं असतं.

आपल्या वर्गातली किमया

आता मूळ मुद्दा. "याच्या डोक्यात शिरतच नाही." "ती जन्मतःच हुशार आहे." "अमुक क्लासला घाला, महिन्यात वाचायला लागेल." "त्या सरांच्या हाताला यश आहे." ही वाक्यं आपण रोज ऐकतो. ही सगळी किमयेची भाषा आहे. यात मूल म्हणजे धातू. काही सोन्याचे, काही शिशाचे. आणि शिक्षक म्हणजे परीस. लागला तर लागला!

यात नुकसान कुणाचं होतं ते सांगते. गेल्या वर्षी वीटभट्टीवर आलेल्या एका कुटुंबातली मुलगी तिसरीत आली. मराठी जेमतेम समजायची. वाचन चाचणीत तिचा शेरा 'प्रारंभिक स्तर', म्हणजे अक्षरओळखही नाही. ती आधी दोन वर्षं कन्नड शाळेत होती. मी तिला फळ्यावर कन्नडमधून हवं ते लिही म्हटलं. तिने स्वतःचं नाव, भावाचं नाव आणि एका कवितेच्या चार ओळी भराभर लिहिल्या, आणि बोट ठेवून वाचून दाखवल्या. वर्ग गप्प झाला. त्या दिवसापर्यंत मुलं तिला 'काहीच न येणारी' समजत होती. तिला वाचन येत होतं, फक्त आपली लिपी येत नव्हती. पण तक्त्यात त्यासाठी रकानाच नाही.

लिपी म्हणजे भाषा नव्हे आणि लिपी न येणं म्हणजे निरक्षरता नव्हे. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी आपल्या कोकणात चौलला उतरला, जुन्नरला पावसाळाभर राहिला, आणि पाहिलेलं सगळं रशियन अक्षरांत लिहून ठेवलं. आज रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. त्याला मोडी किंवा देवनागरी वाचायला दिली असती तर आपल्या चाचणीत तोही 'प्रारंभिक स्तरा'वरच गेला असता!

कुणी म्हणेल, "मॅडम, तक्ते, उद्दिष्टं, निपुण भारत हे सगळं आवश्यकच आहे." मलाही ते मान्य आहे. मोजमाप हवंच, लोमोनोसोव्हचा तराजू तेच सांगतो. पण तराजूवर काय ठेवलंय हे माहीत असलं पाहिजे. 'वाचता येत नाही' आणि 'ही लिपी अजून येत नाही' ही दोन वेगळी वजनं आहेत. ती वेगळी नोंदवली पाहिजेत, असं माझं ठाम म्हणणं आहे.

दुसरं कुणी म्हणेल, "आपल्या पूर्वजांच्या रसशास्त्रात सगळं होतं, त्याला किमया म्हणून हिणवू नका." हिणवण्याचा प्रश्नच नाही. त्यांची यंत्रं, त्यांच्या मुशी, त्यांचं ऊर्ध्वपातन हे खरं कौशल्य होतं. ते मुलांना अभिमानाने सांगावं. पण 'पाऱ्याचं सोनं व्हायचं' हे मात्र सांगू नये. कष्टाचा आदर आणि दाव्याची तपासणी या दोन्ही गोष्टी एकाच तासात करता येतात.

ही तपासणी घरापर्यंत पोहोचणं गरजेचं आहे. "दागिने पॉलिश करून देतो" म्हणत दारात येणारे लोक अजून फिरतात. त्यांच्या भांड्यातल्या पाण्यात बऱ्याचदा आम्लराज असतं, म्हणजे सोनं विरघळवणारं तीव्र आम्लांचं मिश्रण. दागिना चकचकीत होऊन परत येतो, पण वजनाला कमी. "सोनं दुप्पट करून देतो" म्हणणारेही याच जातीचे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण दारातल्या माणसाला "आधी वजन करू, नंतर वजन करू" असं म्हणणारी सहावीतली मुलगी घरात असेल तर जास्त उपयोग होईल.

काय करता येईल?

शिक्षकांसाठी: केंद्राच्या शिक्षण परिषदेत वीस मिनिटं मागून घ्या. फळ्यावर दहा रशियन अक्षरं लिहा, पाच मिनिटं शिकवा, आणि मग एकेकाला उभं करून मोठ्याने वाचायला सांगा. कुणाचा आवाज बारीक होतो, कोण शेजाऱ्याकडे बघतं, कोण हसून वेळ मारून नेतं, हे पाहा. वर्गातली कोणती मुलं असं करतात ते प्रत्येकाला लगेच आठवेल.

पालकांसाठी: तुमच्या पहिलीतल्या मुलासोबत रोज एक अनोळखी अक्षर तुम्हीही गिरवा. रशियन हस्ताक्षर घेतलंत तर आणखी मजा. छापील 'त' तिथे हाताने लिहिताना इंग्रजी एम सारखा होतो, आणि 'द' जी सारखा. आठवड्याने तुम्हाला किती आठवतात ते मुलाला तपासू द्या. गुणही त्यालाच देऊ द्या.

वर्गासाठी: हळदीच्या पाण्यात चिमूटभर चुना टाका. पिवळ्याचं लालभडक होतं. लिंबू पिळा, पुन्हा पिवळं. मुलं 'जादू!' म्हणून ओरडतील. ओरडू द्या. आश्चर्य वाटलंच पाहिजे. मग प्रत्येकाच्या हातात हळद, चुना, लिंबू द्या आणि कृती पायरीपायरीने वहीत लिहायला लावा. एकाने लिहिलेली कृती वाचून दुसऱ्याला प्रयोग जमला तरच ती बरोबर. मोरचुदाचा प्रयोग मोठ्या वर्गात फक्त शिक्षकाने करून दाखवावा, ते विषारी असतं.

शेवटचा मुद्दा वेळेचा. ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणं, बैठका यातून वेळ उरत नाही ही तक्रार खरी आहे आणि ती मांडत राहिलीच पाहिजे. पण वर सांगितलेल्या गोष्टींना मिनिटं लागतात, तास नाहीत. आणि एका गोष्टीला तर वेळ लागतच नाही. "याला जमत नाही" असं म्हणण्याआधी "याला कोणती पायरी अजून कुणी दाखवलेली नाही?" असा प्रश्न स्वतःला विचारणं. उत्तर सापडलं की ते वहीत लिहून ठेवा, आणि पुढच्या वर्षी तो वर्ग ज्यांच्याकडे जाईल त्यांच्या हातात ती वही द्या.